एक तरी तक्रार

नानांच्या संस्थेविरुद्ध आजवर कुणीही तक्रार केली नव्हती, आणि सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

आता तुम्ही म्हणाल, तक्रार नाही यात घोटाळा कसला? नानाही तेच म्हणत होते. त्यांचं म्हणणं कळायला एवढंच लक्षात ठेवा, की या माणसाने अख्खी नोकरी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीत काढली होती. ज्याचा दिवा गेला तो नानांवर ओरडायचा, ज्याचं बिल वाढलं तोही नानांवर, आणि ज्याच्या शेजाऱ्याचं बिल कमी आलं तो तर नानांचा उद्धारच करायचा. निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाची भाषणं चालू असतानाच त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की यापुढे असं काहीतरी करायचं ज्याबद्दल कोणी चकार शब्द काढणार नाही.

आणि केलं की हो माणसाने. घरात कोणी अंथरुणाला खिळलं की त्याचं करणारी बाईही घराला खिळते. बाईच असते बहुतेक, सून नाहीतर लेक. नानांची संस्था अशा घरी आठवड्यातून दोन दुपारी एक सोबतीण पाठवते. सोबतीण आजाऱ्यापाशी बसते, पाणी देते, कूस बदलायला हात लावते, त्याच त्याच गोष्टी नव्याने ऐकते. तेवढा वेळ करणारी मोकळी. तिने दुकानं हिंडावीत, बहिणीकडे जावं, नाहीतर बागेत बाकावर बसून डुलक्या काढाव्यात. संस्थेत सोबतिणी तिघी, आणि तिघींची घरं याच पगारावर चालायची. बाकी सगळे फुकट राबणारे. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच, पण नाना भाजायचे अगदी मन लावून.

सोबतिणींचा पगार एक कापडवाला द्यायचा. त्याच्या आईच्या शेवटच्या दिवसांत सोबतीण गेली होती, त्याची जाण ठेवून. पण त्याने दुकान विकलं आणि तो मुलाकडे परगावी राहायला निघाला. जाताना डोळ्यांत पाणी आणून सांगून गेला, की उन्हाळ्यापर्यंतचं मी बघतो, पुढचं तुम्ही बघा. नानांच्या तोंडचं पाणी पळालं. तिघी सोबतिणींना काय सांगायचं, आणि त्या सगळ्या घरांच्या दुपारी कुठून आणायच्या?

सल्ले द्यायला गल्लीत तोटा नव्हता. खाली औषधाचं दुकान, वरच्या मजल्यावर दाताचा दवाखाना, आणि दवाखाना दुपारी बंद असतो तेव्हा त्याच्या बाहेरच्या खोलीत संस्थेचं कार्यालय. औषधवाला संस्थेचा संचालक होता आणि स्वतःला हिशेबी समजायचा. त्याने मोठ्या निधीचं नाव काढलं. शहरातले कारखाने, दुकानं आणि नोकरदार मिळून हा निधी चालवतात. तो दरवर्षी थोड्या संस्थांना भागीदार करून घेतो, आणि एकदा भागीदार झालं की तीन वर्षं पगाराची चिंता नाही. फक्त त्यांच्या अटींत बसावं लागतं. अटींचं नाव ऐकून नाना खूश झाले. अटींमध्येच त्यांचा जन्म गेला होता.

निधीकडून पाहणीच्या बाई आल्या. किरकोळ बांध्याच्या, बोलायला अतिशय गोड, आणि पाण्याची बाटलीसुद्धा स्वतःची. ज्यांची पाहणी करायची त्यांचा चहादेखील घ्यायचा नाही, असा त्यांचा नियम. नाना मनातून दुखावले, पण नियम म्हटल्यावर त्यांना आदरही वाटला. बाईंनी दवाखान्याच्या बाकावर बसून कागद चाळले आणि हळूच विचारलं, की संचालक मंडळात पाचजण आहेत, त्यांतले एकमेकांचे नातेवाईक किती?

पाचांपैकी एक नाना, एक नानांची बायको, जिला सगळी गल्ली वहिनी म्हणते, एक वहिनींचा भाऊ, म्हणजे नानांचा मेहुणा, आणि एक नानांच्या मुलीचे सासरे. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात. इथे व्याही स्वतःच येऊन बसले होते. उरला औषधवाला. बाई म्हणाल्या, असं चालत नाही, निधीच्या भागीदार संस्थेचं मंडळ स्वतंत्र लागतं.

मग नानांनी घरातच सफाई काढली. व्याह्यांनी मान हलवून राजीनामा दिला आणि मुलीच्या फोनवर नानांशी बोलणं सोडलं. मेहुणा खजिनदार होता आणि आपल्यावर अविश्वास दाखवलाय अशी त्याची पक्की समजूत झाली. तो राजीनामा देताना नानांकडे न बघता भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत राहिला. वहिनींचं काम घरीच उरकलं. त्या कणीक मळत होत्या. हात पुसून त्यांनी सही केली आणि विचारलं, म्हणजे आता मी संस्थेची कोणी नाही ना? नाना अभिमानाने म्हणाले, अगदी कोणीही नाही. तेवढ्यात आतून हाक आली आणि वहिनी आत गेल्या. आत नानांच्या आई असतात, पलंगावर. कमरेखालचं अंग गेलंय, पण जीभ शाबूत आहे.

रिकाम्या जागी दाताच्या डॉक्टरीणबाई आल्या आणि आणखी दोन शेजारी आले. ते दोघे बैठकीला येतात पण काही बोलत नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी मीही काही बोलत नाही.

बाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा नाना जय्यत तयार होते. नवं मंडळ, तपासलेले हिशेब, सोबतिणींची ओळखपत्रं, सगळं टेबलावर मांडलेलं, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर डॉक्टरीणबाईंची प्लास्टरची कवळी. बाई एकेका कागदावर खूण करत गेल्या. शेवटी त्यांनी तक्रारींची वही मागितली. नाना याच क्षणाची वाट बघत होते. त्यांनी कोरी करकरीत वही पुढे सरकवली आणि छाती फुगवून खुर्चीत मागे टेकले.

बाईंनी वही उलटसुलट पाहिली. मग अगदी प्रेमाने म्हणाल्या, "नाना, जिथे तक्रारच येत नाही, तिथे एक तर लोक घाबरतात, नाहीतर त्यांना कोणी विचारत नाही. तुमच्याकडे यातलं काय आहे?"

बाईंनी अट समजावून सांगितली. लाभ घेणाऱ्या माणसाला न घाबरता संस्थेविरुद्ध बोलता यायला हवं, आणि ते बोलता येतं हे दिसायला हवं. निदान एक खरी तक्रार यावी, तिच्यावर स्वतंत्र समितीने निर्णय द्यावा, मग पुढचं बघू. ज्या माणसाने तक्रारी टाळण्यासाठी संस्था काढली, त्याच्यावर तक्रार शोधत फिरायची पाळी आली. असो. कर्माची फळं म्हणतात ती हीच असावीत.

आधी तक्रारपेटी झाली. औषधवाल्याच्या दुकानाबाहेर लावली. पहिल्यांदा उघडली तेव्हा खोकल्याच्या औषधाने खोकला वाढल्याची एक तक्रार निघाली, सुट्ट्या पैशांऐवजी गोळ्या दिल्याची एक, आणि डॉक्टरीणबाईंनी चुकीचा दात काढल्याची एक, तीही सहीनिशी. संस्थेविरुद्ध काही नाही. औषधवाला पेटी काढून टाका म्हणाला. डॉक्टरीणबाई त्या दिवसापासून पेटीकडे पाठ करून जिना चढू लागल्या.

मग नाना घरोघर निघाले. पहिलं घर म्हाताऱ्या शिंप्याचं. नानांनी विचारलं, आमच्याविरुद्ध काही तक्रार आहे का? शिंप्याच्या लेकीचा चेहरा पडला. तिला वाटलं, सोबतीण बंद करणार आहेत. तिने देवाशपथ सांगितलं, की काही एक तक्रार नाही, आम्ही अगदी सुखात आहोत. नाना म्हणाले, बघा आठवून, थोडं तरी असेल. तशी ती रडायलाच लागली. पुढच्या घरी सुनेला वाटलं, नाना आपली परीक्षा घेताहेत. तिने सोबतिणीची इतकी स्तुती केली की नाना अर्ध्यातून उठून आले. तिसऱ्या घरचे आजोबा कानाने अधू. त्यांना वाटलं नाना वीज कंपनीतून आलेत, आणि त्यांनी कित्येक वर्षांपूर्वीच्या एका जास्तीच्या बिलावरून नानांना यथेच्छ झोडपलं. ती तक्रार अस्सल होती यात शंका नाही, पण कामाची नव्हती.

औषधवाल्याने तोडगा काढला. डाव्या हाताने स्वतःच एक लिहा आणि टाका पेटीत. नाना सचोटीचे, पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. एका दुपारी ते कागद घेऊन बसले. बराच वेळ विचार करून त्यांनी लिहिलं, की संस्थेची सोबतीण वेळेच्या फार आधी येते. मग वाटलं, हे जरा कौतुकासारखं होतंय. खोडून लिहिलं, की सचिव नाना हे लोकांसाठी स्वतःच्या तब्येतीची हेळसांड करतात. ते वाचून त्यांचेच डोळे भरून आले. तेवढ्यात जुनी सवय उसळली आणि खाली त्यांनी उत्तरही लिहून टाकलं, की आपली तक्रार मिळाली, योग्य ती कारवाई होईल. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली आणि कागद फाडला.

एवढं झाल्यावर मात्र गल्लीत बातमी फिरली, की नानांना तक्रारी हव्या आहेत, न दिल्यास सोबतीण बंद. आता प्रेमाच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? लोकांनी मनापासून दिल्या. एक सोबतीण पत्त्यांत मुद्दाम हरते, आजोबांना ते कळतं आणि अपमान वाटतो. दुसरीच्या चपला वाजतात. तिसरी इतकी चांगली आहे की आजी सुनेला आता विचारत नाहीत, तरी तिने थोडं वाईट वागावं. शेजारच्यांना मंगळवार मिळतो आणि आम्हाला सोमवार, हा अन्याय आहे. नाना हरखले. वही भरली. रात्री त्यांना कित्येक आठवड्यांनी शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवसापासून एकेकजण येऊन तक्रार मागे घेऊ लागला. सोबतीण बिचारी ओशाळली म्हणून, घरात भांडण झालं म्हणून, नानांवर बालंट येऊ नये म्हणून. शिंप्याची लेक तर न दिलेली तक्रारही मागे घेऊन गेली. बाईंच्या तिसऱ्या भेटीचा दिवस उजाडला तेव्हा वहीत प्रत्येक ओळीपुढे एकच शेरा होता, मागे घेतली.

त्या दुपारी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत सगळे जमले. बाई, डॉक्टरीणबाई, औषधवाला, ते दोन न बोलणारे, आणि दाराशी तिघी सोबतिणी, कारण निकाल त्यांच्याच चुलीचा होता. नानांनी वही पुढे केली आणि खरं ते सांगून टाकलं. लोक चांगले आहेत, तक्रार करत नाहीत, त्याला आपण काय करणार? बाईंनाही वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, काम चांगलं आहे, माझी खात्री आहे, पण माझ्या खात्रीवर भागीदारी मिळत नाही. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. धाकटी सोबतीण पदराने तोंड पुसत जिन्याकडे वळली, आणि तिला वाट देत वहिनी वर आल्या.

वहिनी जिना चढून आल्या होत्या हेच आधी कुणाच्या ध्यानात येईना. गेल्या कित्येक दिवसांत त्यांना गल्लीच्या या टोकाला कुणी पाहिलं नव्हतं. त्यांना धाप लागली होती. नानांना वाटलं, आईंचं काही बरंवाईट झालं. ते उठून उभे राहिले.

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बाईंना विचारलं, "तोंडी तक्रार चालते का? मला वेळ नाही. सासूबाईंना सांगून, दार नुसतं ओढून आलेय."

"चालते," बाई म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं.

"या गल्लीत ज्या ज्या घरी कोणी अंथरुणाला आहे, तिथे सोबतीण येते. एका घरी येत नाही. आमच्या."

नाना घाईघाईने म्हणाले, की हे बघा, नियम आहे, संचालकांच्या घरी संस्थेचा लाभ घ्यायचा नाही, मीच केलाय, उद्या कुणी बोट ठेवायला नको. ते खरंच होतं. त्या नियमाचा नानांना फार अभिमान होता आणि दर वार्षिक सभेत ते तो वाचून दाखवायचे.

"नियम बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर मंडळावर होते तोवर बोलले नाही. आता मी संस्थेची कोणी नाही, यांनीच सांगितलंय. संस्था निघाल्यापासून मी एकटी घराबाहेर पडले नाही. सासूबाईंचं करायला माझी ना नाही, त्याही माझ्याशी चांगल्या आहेत. पण रोज संध्याकाळी हे घरी येऊन सांगतात, आज अमक्याची सून बागेत गेली, आज तमक्याची लेक बहिणीला भेटून आली. मी ऐकते. मला राग येतो. हीच माझी तक्रार."

नानांची कानशिलं तापली. ते हळू आवाजात म्हणाले, "अगं, मला कधी बोलली नाहीस."

"आयुष्यभर लोकांची बोलणी खाऊन यायचात. नंतर कुठे जरा खुशीत दिसायला लागलात. कसं बोलणार?"

इतक्या वर्षांत नानांनी खिडकीपलीकडून हजारो माणसांचं ऐकलं, पण एवढं लागलं नव्हतं कुणाचं. आणि त्यातही मेली एक गंमत अशी, की शरम वाटत असताना त्यांच्या डोक्यात मात्र लख्ख उजाडलं होतं, की ही तक्रार खरी आहे, अटीत बसते, आणि ही जर मागे घेतली नाही तर तिघींचे पगार चालू राहतील. त्या विचाराचीही त्यांना पुन्हा शरम वाटली.

बाईंनी विचारलं, तक्रार मागे घ्यायचा विचार आहे का? सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या आणि आल्या तशा खाली उतरून गेल्या.

नाना सोडून उरलेलं मंडळ हीच समिती. निर्णय तिने द्यायचा, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याने तिथे थांबायचं नाही. नानांना बाहेर काढायचं तर जिन्यात ऊन, म्हणून त्यांना आतल्या खोलीत पाठवलं. तिथे बसायला एकच जागा, दात काढायची खुर्ची. ती टेकताच मागे कलते. आयुष्यभर ताठ मानेने जगलेला माणूस आढ्याकडे बघत आडवा पडला आणि बाहेर आपल्याविषयी काय चाललंय ते ऐकू लागला. ते दोन न बोलणारे शेजारी आज तोंड भरभरून बोलत होते.

निर्णय डॉक्टरीणबाईंनी वाचला, दात काढताना वापरतात त्या आवाजात. नियम योग्य आहे, सबब सचिवांच्या घरी सोबतीण जाणार नाही. तक्रारही योग्य आहे, सबब आठवड्यातून दोन दुपारी सचिवांनी स्वतः आपल्या आईपाशी सोबतीला बसावं. बसण्यापूर्वी थोरल्या सोबतिणीकडून शिकून घ्यावं, कारण सचिवांना कूस बदलता येते की नाही याबद्दल समितीला शंका आहे. बाईंनी ते लिहून घेतलं आणि खाली आपला शेरा घातला. संस्था पात्र, पण निर्णय अमलात आल्याचं पाहिल्यानंतरच. नुसता कागद नको, तक्रार करणारी खरोखर बाहेर पडली पाहिजे. पहिल्या दुपारनंतर मी त्यांच्याशीच बोलेन.

नाना शिकले. थोरल्या सोबतिणीने त्यांच्याकडून औषधवाल्यावर सराव करून घेतला आणि त्यात त्याची मान आखडली, पण ते जाऊ दे.

पहिली दुपार आली. वहिनींनी उशाशी पाण्याचं भांडं ठेवलं, औषध दाखवलं, घडी केलेल्या चादरी दाखवल्या, मग तेच सगळं पुन्हा दाखवलं. आईंनी पलंगावरून मुलाला न्याहाळलं आणि सुनेला विचारलं, याला बसता येतं का गं एका जागी? वहिनी हसल्या. चपला घातल्या, काढल्या, आत येऊन पाण्याच्या भांड्यावर झाकण ठेवलं आणि पुन्हा घातल्या. नाना काही बोलले नाहीत. काही बोललो तर ही थांबेल, एवढं आता त्यांना कळलं होतं. वहिनी येते म्हणाल्या आणि उंबरा ओलांडून गेल्या.

नाना उठून दाराशी आले. बायको गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती आणि तिथेच थांबली होती. उजवीकडे बाजार, डावीकडे बाग, समोर बसचा थांबा. तिने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आणि तिथेच उभी राहिली.

"गेली का?" आतून आईंनी विचारलं.

"कोपऱ्यावर उभी आहे. कुठे जायचं ते कळत नाहीये तिला."

"मग दार लाव," आई म्हणाल्या. "उघडं दिसलं तर परत येईल."

नानांनी दार लावलं आणि आतून कडी घातली.